दुसऱ्या दिवशीचं खोटं

रविवारी शोरूम बंद असतं, म्हणून दादाने बैठक तिथेच बोलावली. घरी बोलावली असती तर बाबांच्या कानावर गेलं असतं, आणि ते जाऊ नये एवढ्यासाठीच तर सगळ्यांनी जेवणं अर्धवट टाकून धाव घेतली होती. बाबा प्रार्थनागृहात होते. दुपारची सभा संपली की ते नेहमीप्रमाणे मागे रेंगाळणार, खुर्च्यांच्या ओळी सरळ करणार आणि मगच घरी येणार. तेवढा वेळ हाताशी होता.

शोरूममध्ये बसायला जागेची ददात नव्हती. आजोबांनी हाताने खुर्च्या केल्या, बाबांनी यंत्रं आणली, दादाने शोरूम थाटलं. या घराण्याला दुसरं काही येतच नाही, असं आई गमतीने म्हणायची. आज मात्र ती एका नव्याकोऱ्या आरामखुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती, प्लॅस्टिकचं आवरण करकरू नये म्हणून अंग चोरून. दादा येरझाऱ्या घालत होता. त्याची बायको, घरातली वकीलवहिनी, फिरत्या खुर्चीत पाय लांब करून निवांत बसली होती. आणि मधोमध, सभागृहांसाठी बनवलेल्या उंच पाठीच्या खुर्चीत, काका.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ आणि बाबा ज्या संस्थेत प्रार्थनेला जात तिचा मुख्य कार्यवाह. संस्थेची प्रार्थनागृहं ठिकठिकाणी पसरलेली, आणि एकूण एक प्रार्थनागृहात याच शोरूमच्या खुर्च्या.

"छकुली," काका मायेने म्हणाला, "त्या बेकरीवाल्याच्या बाजूने तू खरंच साक्ष देणार?"

छकुलीने चाळिशी कधीच ओलांडली होती. तिचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि काका सोडला तर सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, घरचेसुद्धा. पन्नाशीच्या बायकांपासून घाबरट बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तिने गाडी शिकवली होती, आणि शिकवताना आवाज कधी चढवला नव्हता.

"देणार," ती म्हणाली. "त्याला तसं सांगितलंय."

"झालं!" दादा थबकला. "आम्हाला विचारायचं तरी!"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग मला तुझं न ऐकल्याचं पाप लागलं असतं."

वकीलवहिनीला हसू आलं. तिने ते खोकल्यात लपवलं.

बेकरीवाला शुक्रवारी आला होता. रीतसर शिकवणी ठरवून आला, स्टिअरिंगमागे बसला, पट्टा लावला, पण किल्लीला हात लावेना. मास्तरणीला वाटलं, घाबरला असेल. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, की गाडी आपलं ऐकते, आपण गाडीचं ऐकायचं नाही. तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला गाडी येते. पाव पोचवायला रोज चालवतो. तुमच्याशी बोलायला दुसरी जागा सापडली नाही." मग समोर काचेकडे बघत त्याने सांगितलं. त्याच्या मुलीच्या खुब्याचं हाड आतून सडत होतं. ऑपरेशन ठरलं होतं. त्याच सुमारास बायकोबरोबर तो संस्थेच्या सभेला गेला. तिथे त्यांना एक जुनी चित्रफीत दाखवली, डॉक्टरांनी सोडून दिलेली मुलगी प्रार्थनेने चालू लागते अशी. पोरीची आई म्हणाली, ही मुलगी चालते तर आपली का नाही? ऑपरेशन रद्द झालं. आता पोरीचा एक पाय आखूड राहिला होता, आणि तो आयुष्यभर तसाच राहणार होता. म्हणून त्याने संस्थेवर खटला भरला होता. "त्या चित्रफितीतली मुलगी तुम्ही," तो म्हणाला. "एवढंच सांगा, डॉक्टरांनी खरंच तुम्हाला सोडून दिलं होतं का?"

मास्तरणीला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "नाही हो. डॉक्टरांनीच तर बरं केलं."

हे घरात बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना तिच्याही खुब्याच्या हाडाला संसर्ग झाला, ऑपरेशन झालं, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर पडलं. बाबा त्या वेळी दूर परमुलखात एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम घेऊन गेले होते. ते परत यायच्या आठवडाभर आधी प्लास्टर निघालं आणि पोर घरभर धावायला लागली. काका तेव्हा संस्थेत नवा सेवक होता. त्यानेच टूम काढली. भाऊ येणार आहेत, प्रवासातून थेट सभेला येतो म्हणालेत, आपण त्यांची गंमत करू. छकुलीला उचलून व्यासपीठावर नेतो, मी हात वर केला की तिने चालत बाबांकडे यायचं. ती आली. बाबा तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसले आणि हमसाहमशी रडले. व्यासपीठावरच्या प्रमुखांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चमत्कार म्हणून घोष केला, सभागृह उठून उभं राहिलं, आणि त्या दिवशी नेमका कॅमेरा चालू होता. पुढे त्या चित्रफितीला आवाज जोडला गेला: डॉक्टरांनी हात टेकलेली मुलगी. आवाज काकाचा होता.

"मुळात हा खटला उभाच राहायचा नाही," काका आता म्हणाला. त्याचा स्वर प्रसन्न होता. "श्रद्धा काय कोर्टात मोजायची वस्तू आहे? प्रार्थनेने बरं वाटतं असं आम्ही म्हणतो. उद्या प्रत्येक प्रार्थनेमागे एक वकील लागला तर माणसांनी देवाचं नाव घ्यायचं की नाही? काय सूनबाई?"

"बरोबर आहे," वकीलवहिनी म्हणाली.

दादाचा चेहरा खुलला. संस्थेबरोबरचे सगळे करार तिनेच केलेले. ती आपल्या बाजूने बोलणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

"देव बरं करतो, असं कुणी म्हटलं तर कोर्ट त्याला हात लावत नाही," वहिनी पुढे म्हणाली. "ते खरं की खोटं हे ठरवायला न्यायाधीश बसलेला नाही, आणि बसूही नये. त्या बेकरीवाल्याने एवढंच म्हटलं असतं की प्रार्थना केली आणि गुण आला नाही, तर मीच त्याला घरी पाठवलं असतं. पण काका, चित्रफितीत देवाबद्दलचं वाक्य नाहीये. डॉक्टरांबद्दलचं आहे. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे घडलं तरी असेल किंवा नसेल. त्याला श्रद्धा लागत नाही. आणि ते घडलं नाही हे माहीत असून लोकांना सांगितलं, त्यावर विसंबून एखाद्याने पोरीचं ऑपरेशन रद्द केलं, तर त्याला फसवणूक म्हणतात. सांगणारा खुर्च्या विकणारा असो की प्रार्थना सांगणारा."

"अगं, पण संस्थेला कुठे माहीत होतं?" दादा म्हणाला. "संस्था म्हणजे हजारो माणसं. बिचाऱ्यांनी विश्वासाने दाखवली."

"भिंतींना काही माहीत नसतं हे खरंय. पण ज्याने कारभार चालवायचा, ज्याने ती चित्रफीत दाखवायची की नाही हे ठरवायचं, त्याला माहीत असेल तर संस्थेला माहीत होतं असंच धरतात." वहिनीने काकाकडे पाहिलं नाही. तशी गरजच नव्हती.

"तू नक्की कुणाकडून आहेस?" दादाने विचारलं.

"तू मला कायदा काय म्हणतो ते विचारलंस. बायको काय म्हणते ते वेगळं विचार."

"विचारतो. काय म्हणते?"

"तेच म्हणते."

मास्तरीण वहिनीकडे बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून या दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. सणासमारंभाला एकमेकींच्या साड्यांचं कौतुक, त्यापलीकडे काही नाही. आज पहिल्यांदा तिला वाटलं, हिच्याबरोबर लांबच्या प्रवासाला निघायला हरकत नाही.

काका मात्र डगमगला नव्हता. "सात वर्षांच्या पोरीची आठवण ती केवढी! आमचा वकील दोन प्रश्नांत उडवून लावेल. छकुली, उगाच भर कोर्टात तुझं हसं होईल, ते मला बघवणार नाही. मोठं माणूस असं त्या वेळी कोण होतं? मी, आणि वहिनी." तो आईकडे वळला. "आणि वहिनी काही भाऊंचं मन मोडणार नाहीत."

आरामखुर्चीचं प्लॅस्टिक करकरलं.

"त्यांना नका सांगू कुणी," आई म्हणाली. "त्याच्यावर उभे आहेत ते. त्या दिवसापासून दारूला शिवले नाहीत, कुणाला उणा शब्द बोलले नाहीत. मी आपली संध्याकाळी सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले. पण ते येईल त्याला मिठी मारून सांगत सुटले होते. कोणत्या तोंडाने सांगणार होते मी? आता या वयात त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची?"

 मास्तरणीला आईचा राग येत नव्हता. तीही इतकी वर्षं याच कारणासाठी गप्प होती. बाबांच्या समोर ती चित्रफीत लागली की ती स्वयंपाकघरात निघून जायची, आणि बाबांना वाटायचं पोर लाजते.

"आई, मी बाबांना चोरून साक्ष देणार नाही," ती म्हणाली. "सांगून देणार."

ती उठली. दादा आडवा आला, पण वहिनीने फिरती खुर्ची अलगद त्याच्या वाटेत सरकवली.

*

प्रार्थनागृह जवळच होतं. बाबा अपेक्षेप्रमाणे आतच होते, एकटे, एका खुर्चीचा सैल स्क्रू नाण्याने पिळत. मास्तरणीने त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी चालू केली नाही.

हजार जणांना तिने सांगितलं होतं की वळण दिसलं की आधी वेग कमी करा, वळणावर ब्रेक दाबू नका. आज तिने स्वतः तेच केलं. आधी बेकरीवाल्याच्या मुलीबद्दल सांगितलं, सावकाश. मग तिच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न सांगितला. मग आपलं उत्तर, आणि शेवटी खटला, साक्ष आणि शोरूममध्ये जमलेले सगळे.

 बाबांच्या हातात ते नाणं अजून होतं.

"प्लास्टर आधीच निघालं होतं?"

"हो."

"किती आधी?"

"आठवडाभर."

"म्हणजे तू चालतच होतीस."

"धावत होते, बाबा. काका म्हणाला, तुमची गंमत करायची. मला वाटलं तुम्ही हसाल."

बाबांनी मान हलवली. तिला भीती होती की ते कोसळतील. निदान रडतील. त्यांनी फक्त काच खाली केली आणि बाहेरची हवा आत येऊ दिली.

"माझा देवावरचा विश्वास जाईल असं वाटलं तुम्हा सगळ्यांना?"

"आईला वाटलं. मलाही वाटलं."

"तुझ्या आईने एवढ्या वर्षांत माझी फार काळजी घेतली," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजाला धार होती. "म्हातारा काचेचा असल्यासारखी. अगं, परमुलखात रोज रात्री मी एकच मागत होतो, पोर चालू दे. ती चालली. डॉक्टरच्या हातून चालली, तर ते हात काय मागण्याच्या बाहेरचे होते? मला यातलं काही गमवावं लागलं नसतं. एकदा कुणी विचारलं असतं तर!"

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ती दुसरी पोर किती वर्षांची आहे?"

"नऊ."

"मी तिच्या आईला भेटलोय. त्या सभेत चित्रफितीनंतर बोलायला मीच उभा राहिलो होतो. छातीवर हात ठेवून सांगितलं, ही माझी मुलगी." त्यांनी पट्टा ओढून लावला. "चल."

"घरी?"

"घरी कशाला? सगळे शोरूमवर जमलेत म्हणालीस ना?"

*

बाबा आत आले तेव्हा काका उठून उभा राहिला. दादा काहीतरी बोलू लागला, पण बाबांनी हातानेच त्याला गप्प केलं. ते बसले नाहीत. आईकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या कित्येक दिवसांचा अबोला होता, हे आईला कळलं, आणि तिने तो डोळ्यांनीच मान्य केला. मग ते धाकट्या भावासमोर गेले.

"तुला माहीत होतं?"

"भाऊ, तुम्ही असे रडत होतात..." काकाचा आवाज खरोखरच दाटला. "अख्खं सभागृह रडत होतं. मी मध्ये पडून काय सांगणार होतो, की गंमत होती? तुमच्या आनंदाच्या आड मी कसा येऊ?"

"त्या दिवसाचं सोड. तो दिवस मी तुला माफ केला. माझ्यासाठी केलंस." बाबा थांबले. "दुसऱ्या दिवशी?"

काकाने उंच खुर्चीची पाठ धरली.

"दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर होतो. तू माझ्या घरी जेवायला होतास. तेव्हा का नाही सांगितलंस? बरं, महिन्याने? चित्रफितीला आवाज दिलास, तेव्हा? डॉक्टरांनी हात टेकले हे वाक्य तुला कुणी लिहून दिलं?"

"लोकांना धीर मिळत होता, भाऊ. किती माणसं त्या एका गोष्टीने उभी राहिली! तुम्हीच उभे राहिलात!"

"मी उभा राहिलो. ती बेकरीवाल्याची पोर लंगडी झाली." बाबांचा आवाज चढला नाही, पण काचेच्या दारापर्यंत स्पष्ट गेला. "आपण खुर्ची विकतो. पाय तुटका आहे हे माहीत असताना विकली आणि माणूस पडला, तर मी काय म्हणणार, खुर्चीवर श्रद्धा ठेवायची होती?"

दादाने मान खाली घातली.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "ही सात वर्षांची होती. तिची आठवण कोर्टात टिकेल?"

"एकटीची असेल तर ओढाताण होईल," वहिनी म्हणाली. "मोठ्या माणसाची जोड मिळाली तर टिकेल."

"मग मीही साक्ष देतो. मी काही पाहिलं नाही, पण मला काय सांगण्यात आलं, कुणी सांगितलं, आणि ते खरं धरून मी किती जणांना सांगितलं, हे मी सांगू शकतो. या प्रकरणात फसलेला पहिला माणूस मी आहे. बेकरीवाला माझ्या मागून आला."

"आणि प्लास्टर काढताना मी होते," आई म्हणाली.

सगळे वळले. ती आता खुर्चीत मागे टेकून नीट बसली होती. प्लॅस्टिक हवं तेवढं करकरत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"वहिनी!" काका म्हणाला.

"भावजी, तुम्ही आत्ता म्हणालात ना, मी यांचं मन मोडणार नाही. आता मोडायचं काही राहिलं नाही. मग मी कशाला गप्प बसू?"

काकाने एकेकाकडे पाहिलं. शेवटी त्याची नजर दादावर थांबली. दादाच्या डोळ्यांपुढे संस्थेच्या सगळ्या प्रार्थनागृहांतल्या सगळ्या खुर्च्या तरळल्या असणार. त्याने कपाळ चोळलं.

"काका," तो म्हणाला, "शाळांना पण खुर्च्या लागतात. बघतो काहीतरी."

काका गेला तेव्हा दारापर्यंत मास्तरीण त्याच्याबरोबर गेली. त्याने सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने ठेवू दिला. "तू माझ्याविरुद्ध बोलणार," तो म्हणाला. "मी खरं बोलणार," ती म्हणाली. "तूही बोलू शकतोस, काका. अजून वेळ गेलेली नाही."

तो बोलला नाही. पण खोटंही बोलला नाही. कोर्टात त्याने उत्तर द्यायचं नाकारलं, आणि त्याच्या गप्प बसण्यातून न्यायाधीशांना जे कळायचं ते कळलं.

संस्थेच्या वकिलाने सगळं केलं. श्रद्धेच्या बाबतीत कोर्टाने मध्ये पडू नये, हा अर्ज त्याने पहिल्याच तारखेला दिला आणि तो फेटाळला गेला. मास्तरणीला त्याने बालपणीच्या आठवणींवरून छेडलं. शिकाऊ माणूस भलताच गिअर टाकतो तेव्हा ती जशी थांबून राहते, तशी ती प्रत्येक प्रश्नानंतर थांबली आणि मग तेवढंच उत्तर दिलं. आईने प्लास्टर काढणाऱ्या डॉक्टरच्या मिशांपर्यंत सगळं सांगितलं. बाबांना त्याने विचारलं, तुम्ही अजून प्रार्थना करता का? बाबा म्हणाले, रोज. मग तुमची तक्रार काय? तर बाबा म्हणाले, "प्रार्थनेबद्दल माझी तक्रारच नाही. तिच्या नावावर जे खपवलं त्याबद्दल आहे."

निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितलं की प्रार्थनेने माणूस बरा होतो की नाही, यावर हे न्यायालय एक शब्दही बोलणार नाही. मग ते डॉक्टरांबद्दलच्या त्या एका वाक्यावर आले आणि त्यावर बराच वेळ बोलले. संस्था जबाबदार ठरली. चित्रफीत सगळीकडून काढायची होती, आणि मुलीच्या पुढच्या सगळ्या उपचारांचा भार संस्थेने उचलायचा होता. बेकरीवाला बाकावर तसाच बसून राहिला. त्याच्या बायकोने येऊन बाबांचे हात धरले.

परतताना मास्तरीण गाडी चालवत होती. शेजारी वहिनी डोळे मिटून बसली होती. मागे आई आणि बाबा, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. त्या रविवारपासून दोघांत लागेल तेवढंच बोलणं होत होतं.

"अगं," बाबा अचानक म्हणाले.

आईने चमकून पाहिलं.

"प्लास्टर काढलं त्या दिवशी ही चालली कशी? डॉक्टरच्या मिशा सांगितल्यास. हे सांगितलंच नाहीस."

मास्तरणीने आरशात पाहिलं. हे तिलाही नीट आठवत नव्हतं.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," आई म्हणाली. "म्हणजे, कसं विचारणार होतात."

"आता विचारतोय."

 आई सांगायला लागली, आधी चाचरत. प्लास्टर निघालं आणि आतून काटकीसारखा पाय निघाला. नर्सने हात पुढे केला, तर ही बाई म्हणे, मला नको. डॉक्टर म्हणाले, आज नुसतं उभं राहू दे, घाई नको. ही उभी राहिली. आणि समोरच्या खाटेवर एक मुलगा बिस्किटं खात होता.

"बिस्किटं?" बाबा म्हणाले.

"मलई भरलेली. ही सरळ चालत गेली. भिंत नाही, हात नाही, काही नाही. त्याच्या पुड्यातलं एक उचललं, खाल्लं, आणि मग तिला कळलं की आपण चाललो. तेव्हा धपकन खाली बसली."

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांनी चष्मा काढला. "चोरली! पहिल्यांदा चालली ती बिस्किट चोरायला!"

"मुलगा भोकाड पसरून रडला. मी त्याला नवा पुडा आणून दिला."

"किती पावलं होती गं?"

"मोजली कुणी? मी रडत होते."

"बरं, ती बसली. मग पुढे?"

आई बाबांकडे सरकली आणि सांगत राहिली. सिग्नल हिरवा झाला होता. आयुष्यात कधी असं न केलेल्या मास्तरणीच्या पायाखालून क्लच सुटला आणि भर चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मग मागच्यांना टपावरची ‘शिकाऊ’ची पाटी दिसली असावी, कारण एकेक हॉर्न गप्प झाला, आणि मागच्या सीटवरचं बोलणं पुन्हा स्पष्ट ऐकू यायला लागलं.